रंग लावायच्या आधी

पेडणे,
१६ फेब्रुवारी २०२५

ताई,

पाकीट फाडू नकोस. एका कडेला डिंक मुद्दाम कमी लावला आहे, नखाने सुटेल.

तुझा पुण्याचा पत्ता सावंतवाडीच्या सुमंगलामावशीने दिला. देताना तिने बजावलं, की तो घरात कोणाला दाखवायचा नाही आणि पत्रात तुला घरी ये म्हणायचं नाही. मी कबूल झालो. त्यामुळे यात फक्त बातम्या आहेत.

बाबा बरे आहेत. दशावतारात राणीचं काम अजून तेच करतात. खाली बसताना गुडघा दुखतो, पण नऊवारी नेसून रंगमंचावरच्या बाकड्यासमोर उभे राहिले की तू पाहिले होतेस तसेच दिसतात. मी झांज वाजवतो आणि मंडळाचा टेम्पो चालवतो. दहावीला पुन्हा बसलो नाही, हे मावशीने सांगितलं असेल. तनयाची बारावीची परीक्षा चालू आहे. आई तुझं नाव काढत नाही, पण तुझी उशी उन्हात घालायला विसरत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. शंकासुराचा तो विनोद तुला आठवत नसला तर बरं, पण आठवत असेल. खेळाच्या सुरुवातीला भटजी शंकासुराकडे मुलाबाळांची चौकशी करतो आणि आपले गोकुळदासकाका मुखवट्याची लाल जीभ हलवत उत्तर देतात:

"चेडवाक बायलांच्या कॉलेजात घातलंय."

"तिथे काय शिकवतात रे?"

"वाट बघूक शिकयतत."

"कोणाची वाट?"

"सोयरिकेची. तीन वर्सां बसान बघूक गावता. बाकडा बी तेंचाच!"

सहा वर्षांपूर्वी हा विनोद झाला तेव्हा तू डिचोलीच्या त्याच मुलींच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतीस आणि दोन मैत्रिणींना घेऊन पुढे बसली होतीस. पडद्याआड बाबा हसले, तेही तुला ऐकू गेलं असणार. त्यांचं हसणं लपत नाही.

परवाच्या जत्रेत काकांनी तोच विनोद केला. कोणी हसलं नाही. मला वाटलं माईक बंद पडला. मी वायर बघायला वाकलो, एवढ्यात पुढच्या रांगेतली एक आजी बसल्या जागेवरून म्हणाली, "शंकासुरा, माझ्या नातीक थंय जागा गावली नाय. तुझी वळख आसली तर बघ रे बाबा."

मग जे लोक हसले, ते काकांना हसले. काका थबकले. तू त्यांना कधी थबकलेलं पाहिलं आहेस का? मग म्हणाले, "मगे माझाच नाव घाल गो आजये, साडी नेसान जातंय." वेळ निभावली. पण परत येताना ते टेम्पोत माझ्या शेजारी येऊन बसले. शेवटी म्हणाले, "साईशा, ह्यो विनोद मेलो. काय झाला रे त्या कॉलेजाचा?"

मला सांगता आलं नाही. तनयाला सांगता आलं असतं, पण ती सध्या बाबांसमोर त्या कॉलेजाचं नाव काढत नाही. तिला तिथेच जायचं आहे. तिने एकदा विचारून पाहिलं. बाबा म्हणाले, "त्या कॉलेजान माझा एक चेडू न्हेला. दुसरा दिवचंय नाय."

पत्राचं उत्तर आलं नाही तरी चालेल. पत्ता बरोबर आहे एवढं कळलं तर बरं.

तुझा,
साईश

पेडणे,
२३ मार्च २०२५

ताई,

मागचं पत्र परत आलं नाही, म्हणजे पत्ता बरोबर आहे असं धरतो.

तुझ्या कॉलेजातून बाबांना बोलावणं आलं. प्राचार्या शालिनी मॅडम स्वतः घरी आल्या. त्या तुझ्या वेळी नव्हत्या. त्यांनी अंगणात खुर्ची नाकारली, सोप्यावर बसल्या आणि सरळ म्हणाल्या, "दत्तारामबाब, आमच्या मुलींना दशावतार शिकायचा आहे. दीड महिना आठवड्यातून दोनदा या. शेवटी प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजच्या अंगणात दुपारचा खेळ करू."

बाबा म्हणाले, "दुपारचो दशावतार? आणि चेडवां? तेंका मी काय शिकयतलंय, बाई कशी व्हायची ता?"

"नाही," मॅडम म्हणाल्या, "त्यांना राजे व्हायचंय."

बाबांना हसू आलं. एकदा हसले, की नाही म्हणणं त्यांना जमत नाही, हे तुला माहीत आहे. आईने आतून सोलकढी पाठवली, म्हणजे तिचंही ठरलं.

परवा पहिल्यांदा गेलो. सोंगांचा पेटारा टेम्पोतून उतरवला, पण सभागृहात कसली तरी परीक्षा होती, म्हणून मॅडमनी आम्हाला एका वर्गात मागे बसवलं. वर्ग चालू होता. ताई, मी तुला तो वर्ग सांगतो, कारण मी आल्यापासून दुसऱ्या कशाचा विचार केलेला नाही.

बाकं भिंतीला लावलेली होती आणि मुली गोल बसल्या होत्या. शिकवणाऱ्या बाई पण त्याच गोलात. फळ्यावर एकच वाक्य होतं: राजाचा कायदा चुकीचा असेल तर तो पाळावा का? मी घाईने उत्तर शोधायला लागलो, कारण मला वाटलं आता विचारतील. शाळेत माझं तसंच व्हायचं. बाई गप्प बसल्या होत्या. सगळ्या गप्प बसल्या होत्या आणि कोणालाही त्या गप्प बसण्याची भीती वाटत नव्हती.

मग शिरगावची एक मुलगी बोलली. ती म्हणाली, "आमच्याकडे खाण बंद झाली तेव्हा आमच्या विहिरीला परत पाणी आलं आणि त्याच महिन्यात माझ्या बाबांचा ट्रक उभा राहिला. आई म्हणायची कायदा चांगला, बाबा म्हणायचे वाईट. मी दोघांच्या मध्ये जेवायला बसायची." दुसरी म्हणाली, हे घराचं झालं, कायद्याचं बोल. तिसरी म्हणाली, कायदा घरात येत नाही तर कुठे येतो? अशा बोलत होत्या. कोणी आवाज चढवला नाही. आणि मग जी दुसरी होती ती म्हणाली, "मी मघाशी म्हटलं ते मागे घेते."

असं म्हणाली आणि कोणी हसलं नाही. शेजारच्या मुलीने फक्त मान हलवली, पाणी पुढे करावं तशी. आपल्या घरात, मंडळात, ग्रामसभेत मी हे वाक्य कधी ऐकलेलं नाही. मला वाटत होतं की माणसाने एकदा बोललेलं परत आत जात नाही.

घंटा झाली. उत्तर निघालंच नव्हतं. मुली उठल्या, दप्तरं घेतली, तो प्रश्न तसाच फळ्यावर ठेवून बाहेर गेल्या आणि जाताना त्याच्यावरच बोलत होत्या. मी झांज मांडीवर घेऊन बसलो होतो. बाबांकडे बघितलं. ते फळा वाचत होते.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "आदी म्हणत, थंय कायच शिकयनत नाय. आता म्हणतत, नको तितक्या शिकयतत. लोकांचा काय ता कळना नाय." 

तू त्याच वर्गात बसायचीस का? तू कधी घरी सांगितलं नाहीस. की सांगितलं होतंस आणि आम्ही ऐकलं नाही?

साईश

पेडणे,
१३ एप्रिल २०२५

ताई,

तुझं कार्ड आलं. तू दोनच वाक्यं लिहिलीस: मागच्या वर्गाच्या खिडकीबाहेर जांभूळ होतं. आहे का?

आहे. मी जाऊन खात्री केली. विजेच्या तारेसाठी खालची एक फांदी तोडली आहे, बाकी भरलेलं आहे. फळं अजून हिरवी आहेत. आमची तालीम त्याच झाडाखाली होते.

कार्ड मी कोणाला दाखवलं नाही. टेम्पोच्या कागदपत्रांत ठेवलं आहे.

शालिनी मॅडमकडून कॉलेजाची हकिकत कळली. तुझ्यानंतर मुली इतक्या कमी झाल्या, की संस्थेचे लोक मुलगे घ्यायला निघाले होते, नाहीतर टाळं. डिचोलीत कॉम्प्युटरचे कोर्स निघाले होते, कोणालाच नुसतं बी. ए. नको होतं. मॅडमनी मुदत मागून घेतली आणि दारोदार फिरल्या, नार्वे, शिरगाव, पलीकडे दोडामार्गापर्यंत. त्या बापांशी बोलल्याच नाहीत. आयांना म्हणाल्या, तुम्ही एक आठवडा येऊन वर्गात बसा, मग मुलीचं ठरवा. आया स्वयंपाक उरकून आल्या आणि बसल्या. मॅडम म्हणतात, त्यानंतर मुलींपेक्षा आयाच हट्टाला पेटल्या.

मी मॅडमना विचारलं, मला मागे बसता येईल का. त्या म्हणाल्या, "मुलींचं कॉलेज आहे, साईश. पण झांजेची वेळ होईपर्यंत तू कुठे थांबतोस, ते मी विचारत नाही." त्यामुळे मी लवकर जातो.

बाबा कसे शिकवतात ते तुला सांगायला हवं. पहिल्या दिवशी म्हणाले, "राजा बाकड्यावर बसत नाही. राजा बसतो आणि बाकडं त्याच्याखाली येतं." सगळ्या मुलींनी ते वहीत लिहून घेतलं. बाबा गोंधळले. म्हणाले, "लिवू नकात गो, बसान बघा." एकीने विचारलं, "बाईचं सोंग घेताना तुम्ही सगळ्यात आधी काय बदलता?" मला वाटलं चाल म्हणतील. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "ऐकणं. पुरुष आपली बोलायची पाळी येईपर्यंत ऐकतो. बाई सगळं ऐकते."

"आणि रंग उतरवून घरी गेल्यावर?" तीच मुलगी म्हणाली.

सगळ्या हसल्या. बाबाही हसले. मग कितीतरी वेळ पदर नीट करत राहिले. पदर नव्हता, शर्ट होता.

मॅडमनी बारावी झालेल्या मुलींनाही तालमीला यायची मुभा दिली, म्हणून तनया येते. कला आहे, कॉलेज नाही, म्हणून बाबांनी हरकत घेतली नाही. आणि ताई, राजा तीच झाली. बाबांनीच ठरवलं. तिचा आवाज लागला तेव्हा पेटीवाले शांतारामकाका वाजवायचे थांबले. जन्मभर आम्ही तिला पडद्यामागे पेटाऱ्याशी निजलेली बघितली होती. ती निजत नव्हती असं दिसतं.

दशावतारात लिहिलेली भाषणं नसतात, हे मुलींना फार आवडलं. गोष्ट ठरवायची आणि उभं राहायचं, समोरच्याने विचारलं की उत्तर द्यायचं. ज्याला उत्तर सुचलं नाही तो पडला. त्यांनी गोष्ट स्वतः रचली. रत्नपूरचा राजा, त्याला दोन मुली. थोरली वनातल्या आश्रमात शिकायला गेली आणि परत आली नाही. आता धाकटीला जायचं आहे, राजा सोडत नाही. राणी समजावते, राजा मानतो, आरती. मुली म्हणाल्या, राजे, प्रधान, ऋषी सगळे आम्ही, राणी तेवढी तुम्ही व्हा. बाबा म्हणाले, "गोष्ट बरी आसा. राणयेक रडाक जागा आसा."

त्यांना कळलं का, गोष्ट कोणाची आहे ते? मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. मला ठरवता आलं नाही.

घरी मात्र सरळ भांडण आहे. प्रशांतमामाने मोपाला विमानतळावर तनयासाठी जागा बघून ठेवली आहे. काल जेवताना म्हणाला, "युनिफॉर्म, पगार, एसी. आणि ह्या म्हणता तत्त्वज्ञान शिकतलंय. खातलंस काय?"

"विमाना माझ्याशिवायय उडतत, मामा," तनया म्हणाली.

"बगलास? कॉलेजात पाय नाय ठेवलो तवसर ह्या."

बाबा ताटावरून उठले. हात धुताना म्हणाले, "निकाल लागलो काय प्रशांतबरोबर जावन ये. ठरला." तनया म्हणाली, "बाबानू, कॉलेजान ताईक नाय न्हेला." बाबांनी नळ चालूच ठेवला.

तू का गेलीस ते मला माहीत आहे, सोयरिक आली म्हणून त्यांनी तुला कॉलेज सोडायला लावलं. पण ज्या संध्याकाळी गेलीस, त्या वेळी त्यांच्यात आणि तुझ्यात काय झालं हे मला कोणी सांगितलेलं नाही. आईलाही माहीत नाही.

साईश

पेडणे,
११ मे २०२५

ताई,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. आता जसं झालं तसं लिहितो.

तनया चांगली पास झाली. कॉलेजच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस शुक्रवार होता, खिडकी चारला बंद होणार. मामाने सोमवारी विमानतळावर न्यायचं ठरवलं होतं. खेळ त्याच शुक्रवारी दुपारी होता.

अंगणात मांडव, आत एवढ्या बायका की मुलींना झाडाखाली उभं राहावं लागलं. आई पण आली होती. बाबांचा नेम तुला माहीत आहे. पेटाऱ्याला नमस्कार करून कुंकू लावलं की रंग उतरेपर्यंत घरचं बोलायचं नाही. त्या वेळात ते आमचे कोणी नसतात. लहानपणी मला ताप आला होता, तरी रंग लावल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं नव्हतं. आई म्हणायची, ती राणी आहे रे, तिला तू माहीत नाहीस.

तनया राजा होऊन आली आणि बसली. बाकडं तिच्याखाली आलं. मिशी रंगवलेली, कमरेला तलवार. आयांच्या रांगेतून एक आवाज आला, देवळात दार उघडल्यावर येतो तसा. माझे हात झांजेवर होते, मी वाजवायला विसरलो.

राणी आली, वाद सुरू झाला.

राजा म्हणाला, "राणी, त्या आश्रमाने माझी एक मुलगी नेली. दुसरी मी द्यायची नाही."

 शब्द कोणाचे ते मी, आई आणि ते दोघं एवढ्यांनाच माहीत होतं. पण बाबा क्षणभरही अडखळले नाहीत. म्हणाले, "महाराज, आश्रमाला पाय नसतात. तो कोणाच्या घरी येऊन मुलगी नेत नाही. तिला उंबरठ्यापर्यंत कोणी आणून सोडलं, ते विचारा."

"शिकली तर उलट बोलेल."

"बोलू दे. उलट बोलणारं कोणी नसलं की राजाला आपलाच आवाज ऐकू येतो, आणि त्याला वाटतं प्रजा बोलते आहे."

टाळ्या पडल्या. असे ते बोलत गेले. शालिनी मॅडम उभ्या राहून ऐकत होत्या. जन्मभर राण्यांच्या तोंडून बाबांनी जे जे मागितलं होतं, ते सगळं त्या दुपारी त्यांच्याकडे होतं. मला वाटलं, हा माणूस हे सगळं जाणतो. मग घरी येताना ते कुठे ठेवून येतो?

ठरल्याप्रमाणे आता राजाने मानायचं होतं. तनया थांबली. मग तिने ठरलं नव्हतं ते विचारलं.

"राणी, थोरली निघाली, तेव्हा तू तिला काय म्हणालीस?"

बाबा गप्प झाले. मंडळात एखादा अडला की पेटीवाला सूर भरतो, म्हणजे लोकांना वाटावं गाणं येतंय. शांतारामकाकांनी सूर धरला. बाबांनी हात वर करून तो थांबवला.

"काही नाही म्हणाले, महाराज," राणी म्हणाली. "मी आरशासमोर होते. तोंडाला रंग लागला होता. ती मागे येऊन उभी राहिली, म्हणाली, मी जाते. मी आरशातून तिच्याकडे बघितलं. माझा नेम होता. मला वाटलं, खेळ झाला की बोलेन, ती बसेल तेवढी. मी दुसऱ्या डोळ्यात काजळ घातलं. खेळ झाला तेव्हा ती गेली होती. मी तसाच, रंगासकट, स्टँडवर धावत गेलो."

शेवटी ते राणीचं बोलणं राहिलं नव्हतं. मागे आई उभी राहिली होती.

ताई, तू आरशात त्यांचं तोंड बघितलंस, आणि ते काजळ घालत राहिले. तुला काय वाटलं असेल ते मला आता कळलं. त्यांना काय वाटलं ते तुला कळावं म्हणून हे लिहिलं. मी कोणाची बाजू घेत नाही.

तनयाचं तोंड पडलं. ती बाकड्यावरून उठायला लागली. बाबांनी तिचा खांदा दाबला आणि आपल्या आवाजात, घरच्या बोलीत म्हणाले, "बस गो. राजान उठाचा नसता." मग सगळ्या मांडवासमोर म्हणाले, "मी बोललंय ता मागे घेतलंय. तू हंय शिक."

कुंकू लावलेलं असताना ते घरचं बोलले. गोकुळदासकाका माझ्या शेजारी होते. त्यांनी शंकासुराचा मुखवटा काढून मांडीवर ठेवला.

आरती झाली. साडेतीन वाजून गेले होते. मी पाणी आणि खोबरेल घेऊन गेलो, रंग उतरवायला. बाबा म्हणाले, "रव. रंग काडलो तर माझा मन परत बदलात." आणि तसेच, नऊवारीत, नथीसकट, प्रवेशाच्या रांगेत जाऊन उभे राहिले. पुढे मागे सगळ्या आया. शेजारी तनया, मिशी रंगवलेलीच.

पुढची बाई वळून बघते तर राणी. ती म्हणाली, "दत्तारामबाब, गेल्या जत्रेक तुमी माका रडयलास. फुडे जावा."

"नाय गो बाय, नंबरानच जातंय."

खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, "आईची सही इथे."

"आई मांडवात आसा. मी बापूस."

तेव्हा त्याने वर बघितलं. बघतच राहिला. बाबांनी सही केली. बांगड्या टेबलावर वाजल्या.

साईश

पेडणे,
२ नोव्हेंबर २०२५

ताई,

मे महिन्यानंतर तुझं काही आलं नाही. मी समजू शकतो. या पत्रातही मावशीला दिलेला शब्द पाळला आहे.

तनया रोज टेम्पोने माझ्याबरोबर नाक्यापर्यंत येते, तिथून डिचोलीची बस. घरी येताना प्रश्न घेऊन येते आणि जेवताना ताटात ठेवते. परवाचा होता, माणूस नसताना आरसा काय दाखवतो. बाबा म्हणाले, काय नाय. आई म्हणाली, "पाठची भिंत दाखयता. ती कोणीतरी पुसूक होयी." तनयाने ते वर्गात सांगितलं. आता मॅडमनी आईला निरोप पाठवला आहे, एक दिवस येऊन बसा म्हणून. आईने साडी काढून ठेवली आहे, पण जाण्याचा दिवस अजून सांगत नाही.

प्रशांतमामा काल हळूच विचारून गेला, त्याच्या शीतलला पुढच्या वर्षी तिथे जागा मिळेल का, तनयाची ओळख झाली असेल ना. तनया म्हणाली, मामीला वर्गात बसवूया, मग बघू.

गोकुळदासकाकांनी तो विनोद टाकून दिला. नवीन विनोदात शंकासुर स्वतःच प्रवेशाच्या रांगेत उभा असतो आणि आया त्याला पुढे सोडत नाहीत. बरा चालतो.

डिचोलीत टेम्पोला भाडं असलं, की मी अजून वेळ होईपर्यंत त्या जांभळाखाली थांबतो. खिडकी उघडी असते. अर्धं ऐकू येतं. तेवढंही पुष्कळ आहे, घरी जाऊन विचार करायला. दहावीचा अर्ज पुन्हा भरला आहे. हे कोणाला सांगितलेलं नाही.

आणखी एक. जत्रांचे खेळ पुन्हा सुरू झाले आहेत. बाबांचा नेम तोच आहे, रंग लागला की बोलत नाहीत. पण ते रंग लावायला बसत नाहीत. सगळे तयार होतात, राजाची मिशी वाळते, शांतारामकाका पेटी लावतात, आणि बाबा आरशासमोर कोरं तोंड घेऊन बसलेले असतात. आरसा त्यांनी थोडा तिरका केला आहे, त्यात दार दिसतं. गोकुळदासकाका ओरडतात, "दत्तारामा, कोण येवचा आसा रे?" बाबा आरशातल्या दाराकडे बघतात. अगदी शेवटी, गणपतीचं गाणं सुरू झालं की घाईघाईने काजळाची डबी उघडतात.

पुढचा खेळ शनिवारी, १५ तारखेला, आपल्याच गावी सातेरीच्या देवळात आहे. गणपतीचं गाणं सुरू होईपर्यंत त्यांचं तोंड कोरं असतं.

पाकिटाची कड या वेळीही सैल ठेवली आहे.

तुझा,
साईश